अकरा ओट्यांतली ज्वारी

राणीसावरगाव
१४ नोव्हेंबर २०२४

चि. रुद्राणी हिला शिवलिंगअप्पाचे अनेक आशीर्वाद.

तू म्हणतेस, अप्पा फोन करत जा. पण माझा उजवा कान आता नुसता शोभेला उरलाय, आणि डाव्याला फोन लावला की तुझा आवाज विहिरीच्या तळातून आल्यासारखा येतो. त्यापेक्षा कागद बरा. तुझी आजी, म्हणजे माझी थोरली बहीण, सासरी गेली तेव्हा तिला लिहिता यावं म्हणून मी दुकानातल्या पुड्यांचे कागद सोडून सोडून अक्षरं शिकलो. शाळा पाहिली ती बाहेरूनच. आता तिची नात परभणीच्या विद्यापीठात ज्वारीवर संशोधन करती आणि मी तिला त्याच अक्षरात लिहायलोय. असं कधीकधी वाटतं की मी अजून बहिणीलाच लिहायलोय आणि मधली साठ वर्षं ही दुपारची झोप होती.

यंदा कापणीच्या तोंडावर नऊ दिवस पाऊस लागला. गावची झाडून सगळी ज्वारी काळी पडली. कणसं हातात घेतली की बोटं काळी होतात. आणि माझ्या रानातला तुझ्या सतरा नंबरच्या ज्वारीचा तुकडा तेवढा पांढरा. पहाटे धुक्यात बांधावर गेलो तर वाटलं बगळे उतरलेत. टाळी वाजवली, तर एकही उडाला नाही. मग ध्यानात आलं, ही कणसं आहेत. तिथंच बसून राहिलो, ऊन येईपर्यंत.

तू मोजून, डब्याला कागद चिकटवून, सही करून ठेवलेलं राखीव बी माझ्या माजघरात आहे. तुझ्या प्रयोगाचा करार मी स्वतः तीनदा वाचून सही केली आहे, तेव्हा तोंडाला कुलूप. बन्सीधरच्या हॉटेलात लोक विचारायला लागलेत. शेजारच्या ज्वारीचा पराग बसू नये म्हणून तू कणसांना पिशव्या घातल्या होत्यास, त्यावरून बन्सीधर म्हणाला, "अप्पा, डोस्क्यावर कागदाच्या टोप्या घातलेली ज्वारी मी जन्मात पाह्यली न्हाई." मी म्हणालो, "थंडी लागती तिला," आणि चहा पिऊन उठलो.

माझं मागणं एकच. निकाल लागला की तो मराठीत, मोठ्यानं, इथं गावात वाचायचा. आणि त्यात राणीसावरगावचं नाव असावं. हे गाव आजपर्यंत कुठल्याच पुस्तकात आलेलं नाही.

तुझा,
शिवलिंगअप्पा

*

परभणी
२ डिसेंबर २०२४

ती. अप्पांना शरणार्थ.

तुमचे बगळे मी सत्यशीला मॅडमना वाचून दाखवले. माझ्या मार्गदर्शक म्हणून त्या एरवी माझ्या प्रत्येक ओळीवर लाल शाई सांडतात, पण ही ओळ त्यांनी दोनदा वाचली आणि परत दिली.

तुम्हाला वाटत असेल, निकाल खरा आहे तर सांगायला उशीर कशाला? ऐका. संशोधनाचा खर्च एका बियाणे कंपनीनं उचलला आहे. कोणत्या दोन ज्वाऱ्यांच्या संकरातून सतरा नंबर आला, ही विद्यापीठाची मिळकत आहे. तिच्या नोंदणीचा अर्ज जाईपर्यंत ते सांगायचं नाही. आणि जे काही छापायचं ते आधी कंपनीला दाखवायचं. त्यांनी साठ दिवसांत वाचून काय म्हणायचं ते म्हणायचं. त्यानंतर मात्र निकाल कुणालाही अडवता येत नाही, हेही त्याच करारात आहे. ते कलम मॅडमनी भांडून घातलंय. म्हणजे आपण लपवत नाही अप्पा, आपण वेळ पाळतोय.

तोवर मात्र एक दाणा बाहेर जाता कामा नये. गेला तर माझी तीन वर्षं जातीलच, पण पुन्हा कुणी शेतकऱ्याच्या रानात असा प्रयोग देणार नाही. सगळं कुंपणाच्या आतच होईल आणि गावाला फक्त दुकानातली बियाण्याची पिशवी दिसेल. मला त्याची जास्त भीती वाटते.

गावात वाचायचं मात्र पक्कं. तुमच्या गावाच्या नावासकट.

तुमची,
रुद्राणी

*

राणीसावरगाव
३ जानेवारी २०२५

चि. रुद्राणी हिला आशीर्वाद.

अमावस्येला येळवस छान झाली. रानात कडब्याची कोप घातली, आत पाच दगडांचे पांडव मांडले. तुझ्या शिवम्मा आजीनं भज्जी अशी केली होती की जेवून उठलेली माणसं पुन्हा बसली. आंबील दोन माठ केली ती पुरली नाही. थंडी चांगली आहे. हरभऱ्याला घाटे धरलेत. शेजारच्या आश्रुबाची गाय व्याली, कालवड झाली. रस्त्याचं काम बंदच आहे. लिंबाला यंदा मोहोर लवकर येईल असं वाटतं, पण सांगता येत नाही.

लांबलांबच्या अकरा सुवासिनी आल्या होत्या. पेडगावची दगडाबाईसुद्धा आली, शिवम्माची जुनी जिवाभावाची. सगळ्यांच्या ओट्या भरल्या.

डबा जागेवर आहे.

एक शंका होती. समज, बी शिजवून खाल्लं, तर ते बाहेर गेलं असं धरतात का? सहज विचारलं. म्हातारपणी असलं काहीबाही डोक्यात येतं.

दुपारी कोपीत डोळा लागला तेव्हा स्वप्न पडलं, की पांढरे बगळे एकेक करून बायकांच्या पदराखाली शिरायलेत आणि मी टाळी वाजवायलोय, पण टाळीचा आवाजच होत नाही.

तुझा,
शिवलिंगअप्पा

*

परभणी
१७ जानेवारी २०२५

ती. अप्पांना शरणार्थ.

तुमचा चोरटेपणा इथपर्यंत कळला. कापणीच्या वेळी सतरा नंबरचा हुरडा भाजून खाल्लात ना? एक मूठ माफ. शिजवलेला दाणा उगवत नाही, म्हणून तो मी बाहेर गेला असं धरत नाही. चव कशी होती ते मात्र लिहा. प्रबंधात चवीला रकाना नाही.

स्वप्नाचं म्हणाल तर आंबील कमी प्या.

मी नऊ फेब्रुवारीला येतेय. डब्यातलं बी मोजून न्यायचं आहे, चार किलो दोनशे ग्रॅम. पांढरेपणाचे आकडे पुन्हा पडताळायला तेच लागणार. शिवम्मा आजीला सांगा, येळवशीला करतेस तसे बाजरीचे उंडे करून ठेव.

तुमची,
रुद्राणी

*

राणीसावरगाव
१ फेब्रुवारी २०२५

रुद्राणी,

तू हसून लिहिलंस म्हणून हे लिहिणं आणखी जड जायलंय. हुरडा मी खाल्ला नाही. जे झालं ते सरळ सांगतो.

आपल्या घरात ओटी ज्वारीनं भरतात, ते तुला माहीत आहे. ती नव्या सालची, टपोरी आणि पांढरी लागते. येळवशीच्या सकाळी शिवम्मानं कणगीत हात घातला तर सगळी काळी. सुवासिनीच्या ओटीत काळा दाणा घालत नाहीत. तिला घरात एकच पांढरी ज्वारी दिसली. डब्याला चिकटवलेला कागद तिला वाटला, किडा जाऊ नये म्हणून आहे. वाचता तिला येत नाही आणि मी तिला वाचून दाखवला नव्हता, कारण गुपित ते गुपित. बायकोपासूनसुद्धा गुपित ठेवलं, याचाच मला अभिमान होता.

अकरा ओट्या. प्रत्येकीत पाच मुठी. तुझी ज्वारी पांढरी राहिली नसती तर डब्यातच राहिली असती.

संध्याकाळी डब्याचं झाकण तिरपं दिसलं तेव्हा मी डबा अंगणात आणून उरलेलं बी मुठीनं मोजायला लागलो. शिवम्मा म्हणाली, "अवं असं काय करता, ज्वारीच हाय की." मग मी तिला करार वाचून दाखवला. ती रात्रभर भिंतीला टेकून बसली.

ओटीतलं परत मागता येत नाही. ते मागणं म्हणजे दिलेला आशीर्वाद काढून घेणं. पण ओटीचं धान्य तिनं घरीच शिजवायचं, कुणाला द्यायचं नाही, हीसुद्धा रीतच आहे. तिचाच आधार धरून मी निघालो. एसटीनं, पायी, पेडगावला रेल्वेनं. प्रत्येक घरी बसायचं, पाणी प्यायचं आणि सहज विचारायचं, "येळवशीची ओटी शिजवली का गं बाई?" सगळ्यांना वाटलं, अप्पाला म्हातारचळ लागला. नऊ घरी खाऊन झाली होती. एकीनं माझ्यासमोर दळून भाकरी थापली आणि मला वाढली. रुद्राणी, तू चव विचारलीस. ती भाकरी दुधात बुडवल्यासारखी होती, आणि मी ती मनात एकेक दाणा मोजत खाल्ली. दगडाबाई म्हणाली, "खाल्ली की." म्हणजे अकरा झाल्या.

येळवशीनंतरच्या पत्रातच हे लिहायला हवं होतं. मी गाय व्याल्याचं लिहिलं.

शिवलिंगअप्पा

*

परभणी
७ फेब्रुवारी २०२५

अप्पा,

पत्र मिळालं त्याच दिवशी मॅडमना दाखवलं. मॅडमनी त्याच दिवशी कंपनीच्या दत्तराव साहेबांना कळवलं. लपवायचा विचार मला आला नाही असं नाही. अर्धा तास आला होता.

अकराही जणींनी खाल्ली, असं विद्यापीठाच्या माणसानं परवा तुमच्या सहीनं लिहून आणलं, ते त्यांना दिलंय. ते म्हणाले, येत्या खरिपात कुठं काही उगवलेलं दिसलं नाही, तर काम पुढं नेऊ. तोवर सगळं थांबवलंय. माझा प्रबंधही.

त्यानंच आणलेलं उरलेलं बी ठेवून घेतलंय, म्हणून नऊला मी येत नाही, पण सील फुटलेला डबा कशाला साक्ष होत नाही.

शिवम्मा आजीला काही बोलू नका. मी तिच्यावर रागावलेली नाही.

रुद्राणी

*

राणीसावरगाव
१८ सप्टेंबर २०२५

चि. रुद्राणी हिला आशीर्वाद.

सात महिने तुझं अक्षर नाही, आणि मीही कोणत्या तोंडानं लिहिणार होतो. टपालवाला दारावरून जायचा तेव्हा मी मुद्दाम लिंबाकडं बघत बसायचो.

आज दुपारी दगडाबाईची सून राजेश्री माहेरी जाताना आमच्याकडं टेकली. बोलता बोलता शिवम्माला म्हणाली, "तुमच्या ओटीची ज्वारी लय भारी निघाली बघा. सासूबाईनं विहिरीजवळ पाच ओळी घातल्यात. माणसाच्या वर गेलीया."

शिवम्मा माझ्याकडं बघायली आणि मी तिच्याकडं. राजेश्रीला चहा देऊन वाटेला लावलं. ती गेली आणि अंगणात असं सामसूम झालं की लिंबाचं पान पडलेलं मला डाव्या कानानं ऐकू आलं. मनात आलं, पेडगावच्या एका विहिरीजवळ कोण बघायला जातंय? दत्तरावांची मुदत महिनाभरात संपेल. पाच ओळी कापून होतील, आणि पोरगी मोकळी होईल.

शिवम्मा म्हणाली, "ह्या खेपेला गायीचं लिहू नका."

राजेश्री दुपारी आली. आता पाच वाजलेत. टपालाला उशीर होईल म्हणून आश्रुबा मोटरसायकलवर हे पत्र तुझ्या हातात आणून देईल. माझ्या सहीचा तो कागद खोटा निघाला. दगडाबाईनं अर्धंच सांगितलं, आणि मी अर्ध्याच्या पुढं विचारलं नाही, कारण पुढचं मला ऐकायचं नव्हतं.

तुझा,
शिवलिंगअप्पा

*

परभणी
२९ सप्टेंबर २०२५

ती. अप्पांना शरणार्थ.

आश्रुबाकाका आले तेव्हा मी प्रयोगशाळेत होते. तुमचं अक्षर बघून आधी बरं वाटलं आणि मग वाचलं.

परवा मी, मॅडम आणि दत्तराव साहेब पेडगावला गेलो. दगडाबाईंनी आम्हाला विहिरीच्या काठावर बसवलं. पाच ओळी. अप्पा, सकाळचं ऊन कणसांतून गाळून येत होतं आणि काही वेळ आम्ही तिघंही कशासाठी आलोय ते विसरलो. दत्तराव साहेबांनी एक कणीस तळहातावर असं घेतलं, जसं झोपलेल्या लेकराची हनुवटी उचलतात.

मी म्हणाले, "मावशी, तुम्ही अप्पांना खाल्ली म्हणून सांगितलंत."

"खाल्ली म्हणलं ते खरंच हाय. निम्मी खाल्ली. राह्यलेल्या निम्मीचं कुणी इचारलं न्हाई."

"पण ओटीचं धान्य शिजवायचं असतं ना?"

"रीत झाली की निम्म्यात. एवढी पांढरी ज्वारी, अन् समदी चुलीत घालायची? मी काय येडी हाय?"

दत्तराव साहेब म्हणाले, "मावशी, ही कापून आम्हाला परत द्यावी लागेल."

"ओटीतलं माघारी देत नसतेत साहेब. तुमच्या आईला इचारा."

साहेब म्हणाले, "आई असती तर तिनं पण पेरलीच असती."

मग पुष्कळ वेळ बोलणं झालं. शेवटी ठरलं ते असं: कापणी आमच्यासमोर, मळणी आमच्यासमोर, आणि सगळी ज्वारी तिथल्या तिथं दळायची. पीठ दगडाबाईंचं. बी म्हणून एक दाणाही ठेवायचा नाही, त्यांनीही नाही आणि आम्हीही नाही. अशानं ओटी परत गेली नाही आणि बी बाहेर गेलं नाही. दगडाबाई कबूल झाल्या, पण म्हणाल्या, "माझ्या रानात उगवलंय, तर ह्याच्यात हाय काय ते मला सांगा. तवाच इळा लावीन."

तीन वर्षं ज्या प्रश्नाचं उत्तर घोकलं होतं, तो प्रश्न विचारणारं माणूस समोर बसलं होतं आणि मला तोंड उघडायची परवानगी नव्हती. दत्तराव साहेबांनी माझ्या पिशवीतला गोषवारा मागून घेतला, खिशातून पेन काढलं आणि ओळींसमोर खुणा करत गेले. "हे सांगा. हेही सांगा. ह्या दोन ओळी राहू द्या, अर्ज गेल्यावर." मॅडमनी बघून मान हलवली.

मग मी सांगितलं. पाऊस लागला तरी शंभरात सहा-सातच दाणे काळे पडतात, साध्या ज्वारीचे साठ. कडबा थोडा कमी निघतो. बुरशी दाण्यात शिरताना कुठं अडते, तेही सांगितलं. ज्या दोन ज्वाऱ्यांपासून आली त्यांची नावं सांगता येत नाहीत, हेही सांगितलं. त्या म्हणाल्या, "आईबापाचं नाव राहू दे. पोरगी कामाची हाय, एवढं कळलं." आणि विळा घेऊन उठल्या.

साहेब म्हणाले, "तुमच्या आजोबांनी दोन्ही वेळा स्वतःहून कळवलं, म्हणून पुढं जाऊ." काम पुन्हा सुरू आहे. पुढच्या आठवड्यात अर्ज जाईल, आणि निबंध कंपनीकडं. साठ दिवस.

आता शेवटचं, आणि हे लिहायला मी दोन दिवस टाळाटाळ केली. आपला प्रयोग तीन ठिकाणी होता, पण निबंधात दोनच जागांचे आकडे असतील, सेलूचे आणि जिंतूरचे. राणीसावरगावचे मी काढलेत. कंपनीनं सांगितलं नाही, मॅडमनीही नाही. तिन्ही ठिकाणचे आकडे राखीव बियावर पुन्हा पडताळायचे होते. तुमचं राखीव बी सीलबंद नाही, म्हणून तिथले आकडे फक्त माझ्या शब्दावर उभे राहतात. तुमच्या रानात काय झालं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. पण कुणी विचारलं तर दाखवायला माझ्याकडं काही नाही.

तुम्ही एकच मागितलं होतंत. ते मला देता येत नाही.

तुमची,
रुद्राणी

*

राणीसावरगाव
२१ डिसेंबर २०२५

चि. रुद्राणी हिला अनेक आशीर्वाद.

साठ दिवस संपल्याचं तुझं पाकीट आणि छापील मराठी निकाल वेळेवर पोचले. येळवशीच्याच दिवशी तुझी तोंडी परीक्षा आली, म्हणून वाचायचं माझ्यावर पडलं. परीक्षा कशी झाली ते उलट टपालानं लिही. शिवम्मा सकाळपासून विचारायली.

आकडे काढल्याचं तुझं ते पत्र आलं, तेव्हा मला राग आला होता. खोटं कशाला सांगू. दोन दिवस मी तुझ्याशी मनातल्या मनात भांडलो. तिसऱ्या दिवशी दुपारी पडलो असता तुझी आजी स्वप्नात आली. माझ्या जुन्या पत्रातल्या चुका बोटानं दाखवत बसली, माहेरी आली की दाखवायची तशी. उठलो तेव्हा राग नव्हता.

यंदा कोपीपुढं साठ-सत्तर माणूस बसलं. जेवणं झाली, आंबिलीनं डोळे जड झाले होते, ऊन मऊ पडलं होतं. मी उभा राहून सगळा कागद वाचला. खर्च कुणी केला तेही वाचलं, मिळकत कुणाची तेही वाचलं, अजून काय सांगता येत नाही तेही. दाण्याचा भाग आला तेव्हा पेंगणारी माणसं सरळ होऊन बसली. सेलूचे आकडे वाचले. जिंतूरचे वाचले. कागद संपला.

बन्सीधर म्हणाला, "अप्पा, ह्याच्यात आपलं गाव कुठाय?"

मी सांगायला तोंड उघडलं, तर बायकांच्या घोळक्यातून शिवम्मा उठली. पन्नास वर्षांत चारचौघांत तिचा आवाज मी ऐकला नव्हता. "डबा मी उघडला," म्हणाली. मी म्हणालो, "सांभाळायचा मी होतो, अन् तिला सांगितलं न्हवतं." मग सगळं पहिल्यापासून सांगितलं. अकरा ओट्या, भाकरी, दगडाबाईच्या ओळी, माझ्या खोट्या निघालेल्या सहीसकट. त्या अकरातल्या सात जणी समोरच बसल्या होत्या. त्यांना आता कळलं, अप्पा घरोघर भाकरीची चौकशी कशाला करत फिरला. एकीला हसू आवरेना, ती पदर तोंडात धरून बसली.

आश्रुबा म्हणाला, "पण अप्पा, तुमच्या रानातली पांढरी राह्यली होतीच की. आमी समद्यांनी पाह्यली."

"पाह्यली," मी म्हणालो. "ते आपण सांगायलोत. कागद सांगत न्हाई."

वारा कोपीच्या कडब्यातून जायला आणि कडबा कुजबुजल्यासारखा वाजायला. मला वाटलं, आता एकेक उठून जाईल. तर आश्रुबा म्हणाला, "मग पुन्यांदा पेरा. ह्या खेपेला डबा माझ्या घरी. आमच्यात ओटी गव्हानं भरतेत."

लोक हसले, पण तो हसत नव्हता. दोन गुंठे देतो म्हणाला, पाण्याजवळचे. बन्सीधरनं हॉटेलाच्या वहीचं पान फाडून दिलं, त्यावर मी लिहून घेतलं, त्यानं खाली सही केली. ते पान सोबत जोडलंय. करार आला की आधी मी साऱ्या गावाला मोठ्यानं वाचून दाखवीन, बायकांना पहिल्यांदा. सत्यशीला मॅडमना विचार, येत्या खरिपाच्या प्रयोगात आपल्या गावाला जागा मिळेल का.

तुझा,
शिवलिंगअप्पा